समोरचं चित्र पाहा

छापलेला कागद दिसला की शरणप्पाला तो वाचल्याशिवाय राहवत नसे. मग ती औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, भिंतीवर अर्धवट फाटलेली नाटक कंपनीची जाहिरात असो, की आगपेटीवरची दोन अक्षरं. तो सोलापुरातल्या एका गिरणीत कापडखात्यात कारकून होता. दिवसभर तागे यायचे, त्यांवर आकडे टाकायचे, आणि ते आकडे दुसऱ्याला वाचून दाखवायचे. आकड्यांनी काही माणसाची वाचायची भूक भागत नाही. उलट ती जास्तच खवळते.

गावात वाचनालय नव्हतं असं नाही. चांगलं होतं, आणि शरणप्पा तिथं बरीच वर्षं नेमानं जात होता. पण तिथं माणसं येत, हीच त्या वाचनालयातली मोठी अडचण होती. एकजण वर्तमानपत्र स्वतःसाठी वाचायचा, पण मोठ्यानं. दुसरा एक पत्र हातात धरायचा आणि दुसरं मांडीखाली दाबून ठेवायचा, अंडी उबवायला बसल्यासारखा. तिसऱ्याला पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय होती, आणि चौथ्याची तपकीर पुस्तकात सांडायची, म्हणजे ऐन करुण प्रसंगात वाचणाऱ्याला शिंका. हे सगळं शरणप्पानं सोसलं. पण एक पेन्शनर गृहस्थ येत, त्यांना दुसऱ्याच्या हातातल्या कादंबरीचा शेवट सांगायची खोड होती. वाकून नाव बघायचे आणि म्हणायचे, "छान आहे, शेवटी दिवाण मरतो." तिसऱ्यांदा असा दिवाण मेला तेव्हा शरणप्पानं हातातलं पुस्तक मिटलं, टोपी घातली आणि बाहेर पडला, तो पुन्हा तिथं गेला नाही. ज्यानं वाचलं नाही त्याला शेवट सांगणारा माणूस नरकात जातो, असं त्याचं पक्कं मत होतं.

मग वाचायचं काय? तर तिप्पण्णाच्या पुड्या.

तिप्पण्णाचं किराणा दुकान शरणप्पाच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं. जिरं, मोहरी, हळद, काय घ्याल ते तो रद्दीच्या कागदात बांधून द्यायचा. घरी पुडी सुटली की महानंदानं, म्हणजे शरणप्पाच्या बायकोनं, जिन्नस डब्यात ओतायचा आणि शरणप्पानं कागद मांडीवर सरळ करून वाचायचा. त्याचं बरंचसं ज्ञान असं पुडीपुडीनं आलेलं होतं, आणि म्हणून त्याला सुरुवात तरी नसे किंवा शेवट तरी नसे. जपानातला भूकंप सुरू कसा झाला हे त्याला ठाऊक होतं, थांबला कसा हे नव्हतं. शेजारच्या धोंडीरामला विंचू चावला तेव्हा शरणप्पा धावत गेला, कारण विंचवाचा उपाय त्यानं नुकताच मोहरीच्या पुडीवर वाचला होता. "प्रथम रोग्यास घाबरू देऊ नये, व त्यानंतर," इथपर्यंत. त्यापुढची मोहरी दुसऱ्या कुणाच्या घरी गेली होती. धोंडीराम ठणाणा करत होता आणि शरणप्पा त्याला घाबरू नकोस म्हणून सांगत होता. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच, असं महानंदा तेव्हा म्हणाली, आणि गल्लीला ते बरेच दिवस पुरलं.

पण स्वतःचं ज्ञान अर्धं असलं तरी दुसऱ्याचं चुकलेलं त्याला खपत नसे. कुणी काही चुकीचं बोललं की त्याच्या जिभेला खाज सुटे. कीर्तनात बुवांना त्यानं मध्येच उठून सांगितलं होतं, की चंद्राला स्वतःचा उजेड नसतो. बुवांनी कीर्तन थांबवून त्याच्याकडे इतक्या शांतपणे पाहिलं, की महानंदा बायकांतून उठून घरी निघून गेली. शरणप्पाला त्यात आपलं काय चुकलं ते कळलं नाही. खरं ते खरं.

तर अशा या शरणप्पाच्या घरी एके दिवशी ओव्याची पुडी आली आणि तिच्यातून एक सून बाहेर पडली.

म्हणजे झालं असं. गावातले एक वकील बिऱ्हाड हलवून परगावी गेले आणि त्यांच्या घरची पुस्तकं तिप्पण्णानं रद्दीच्या भावात उचलली. त्यात एक कादंबरी होती. पुठ्ठा गेलेला, नाव गेलेलं. कुणा इनामदाराच्या घरातल्या सुनेची हकिकत. सासरा जमदग्नी, नवरा नेभळट, आणि सून गरिबाघरची. ओव्याच्या त्या कागदावर सासऱ्यानं तिच्या बापाला दारातून हाकलून दिलं होतं आणि ती खांबाआडून पाहत होती. शरणप्पानं ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चपला घालून तिप्पण्णाकडे गेला.

अख्खं पुस्तक मागितलं, तर तिप्पण्णानं ते कधीच सोडवून, सगळी रद्दी एकत्र करून पोत्यात भरली होती. ते पोतं उपसू दे म्हणाला, तर तिप्पण्णानं एकदा उपसू दिलं. पण शरणप्पानं ऐन बाजाराच्या दिवशी दुकानभर पानं मांडली, वारा आला, आणि इनामदाराचं घराणं गल्लीभर उडालं. तेव्हापासून पोत्याला हात लावायला बंदी. पुडीत येईल ते तुझं, असं तिप्पण्णानं सांगून टाकलं. त्याचंही काही चुकलं नाही. रद्दी वाटून टाकली तर त्यानं जिरं कशात बांधायचं?

मग शरणप्पा थोडं थोडं सामान आणायला लागला. आज चमचाभर ओवा, उद्या चिमूटभर हिंग, परवा बडीशेप. महानंदाचे डबे भरले, मग वाट्या भरल्या. एवढा ओवा खपवायला घरात किती पोटं दुखवून घ्यावी लागतील, असं ती विचारायची. पण संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की शरणप्पा चुलीशेजारी बसून नवं पान मोठ्यानं वाचायचा, आणि तेव्हा तिचा थापण्याचा आवाज हळू व्हायचा हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही. पानं उलटसुलट यायची. सुनेला मूल आधी झालं आणि लग्न नंतर. महानंदानं ते सगळं मनातल्या मनात नीट लावून घेतलं होतं. कधीकधी तर शरणप्पा चुकला की तवा उतरवता उतरवता तीच सांगायची, की अहो, ते नव्हे, वैद्याकडं ती नंतर गेली.

वैद्याकडे गेली, हाच सगळा घोटाळा होता. सासऱ्याचा छळ हाताबाहेर गेला तेव्हा सून एका वैद्याकडून कसलीशी पूड घेऊन आली आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवली. मग दिवस मावळता ती चांदीचा पेला घेऊन माडीचा जिना चढायला लागली. पेल्यात दूध. पानाच्या शेवटी वाक्य असं होतं : "तिने दार लोटले. म्हातारा उठून बसला, आणि तिने" आणि खाली कंसात, बारीक अक्षरांत : समोरचं चित्र पाहा.

समोरचं पान नव्हतं.

वर्ष झालं असेल. पुढेमागचं एकेक पान येत गेलं, आणि शेवटी पानांचे आकडे जुळवून पाहिले तेव्हा मध्ये एवढं एकच राहिलं होतं. त्यानंतरच्या पानावर गोष्ट संपून केशतेलाची जाहिरात होती. म्हणजे सुनेनं विष दिलं, की स्वतः घेतलं, की ऐन वेळी जिन्यावरून भिरकावून दिलं, हे सगळं त्या एका चित्राच्या पाठीवर होतं. शरणप्पाचं कशात लक्ष लागेना. गिरणीत त्यानं एका ताग्यावर दुसऱ्याचा आकडा टाकला. रात्री तो कूस बदलत राही आणि महानंदा अंधारात विचारी, "देईल का हो ती?" तोवर तो समजत होता की तिला या गोष्टीचा वीट आलाय.

शेवटी तिप्पण्णालाच दया आली. चित्राचं पान ना, तो म्हणाला, ते सारजाबाईनं नेलं. गुळाचा खडा बांधून दिला होता, तर तिनं गूळ पदरात टाकला आणि कागद उराशी धरून गेली. कशाला नेला कुणास ठाऊक.

सारजाबाई शरणप्पाच्याच गिरणीत होती, सूत गुंडाळायच्या खात्यात. मूळची मंद्रूपची. एकटी बाई, पन्नाशी उलटलेली, गिरणीमागच्या चाळीत राहायची. शरणप्पानं तिला येताजाता पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. रविवारी सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून ओव्याचा एक डबा उचलला, आणि निघाला. ओवा घराबाहेर जातोय एवढ्यानंच महानंदाला बरं वाटलं. लवकर या, एवढंच ती म्हणाली, आणि दारात उभी राहिली.

सारजाबाईनं घोंगडं अंथरलं. खोली एवढीशी, पण सारवलेली. शरणप्पा बसला, आणि बसता बसताच त्याला चित्र दिसलं. चुलीच्या समोरच्या भिंतीवर, बसल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं चिकटवलेलं. जिन्यावर उभी असलेली एक तरुण सून, डोईवर पदर, दोन्ही हातांत पेला. आणि ते असं तसं चिकटवलेलं नव्हतं. सुताला लावतात ती गिरणीतली खळ सगळ्या पाठीला फासून भिंतीवर दाबलेलं होतं. खळीनं एकदा धरलं की धरलं, हे कापडखात्यातल्या माणसाला कुणी सांगायला नको. फक्त खालचा एक कोपरा ओलीनं सुटून वर वळला होता.

आपण इकडचं तिकडचं बोलून मग विषय काढू, असं शरणप्पानं वाटेत ठरवलं होतं. पण सारजाबाईनंच विचारलं, "रंभाला बघाया आलाव न्हवं? तिप्पण्णा म्हनला मला."

शरणप्पाला कळेना. मग सारजाबाईनं सांगितलं. रंभा तिची लेक. मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. लग्न ठरलं होतं. फोटो काढायची ऐपत कुणाची, आणि काढून ठेवावा असं तेव्हा वाटलंही नव्हतं. माणूस समोर असताना फोटो कशाला लागतो? पण नंतर एक विचित्र व्हायला लागलं. लेकीचं तोंड आठवेना. आवाज आठवायचा, वेणी आठवायची, तोंड मात्र पुसत चाललं. आणि एक दिवस गुळाची पुडी सोडली तर ही समोर उभी.

"नाक येगळं हाय," सारजाबाई म्हणाली. "ते मला बी दिसतंय. पर प्याला धरायची तऱ्हा बघा. आदी मीच पडले हुते तापानं. धड शुद्ध न्हवती. ती आंगात ताप घिऊन शेजारनं दूद मागून आनायची, आन् आशी दोनी हातानं धरून, सांडंल म्हनून हळू हळू यायची. मी उटले. ती न्हाय उटली."

हे तिनं फार सरळ सांगितलं, भाव विचारावा तसं. सकाळी गिरणीत जाताना ती चित्राला येते गं म्हणायची, आणि भोंग्यानंतर परत आली की आले गं म्हणायची. एवढंच. हळदकुंकू वाहत नव्हती, कारण देव नव्हे तो, लेक होती.

शरणप्पा चित्राकडे पाहत राहिला. तिच्या पदरात काय बांधलं आहे हे सबंध सोलापुरात फक्त त्याला आणि महानंदाला ठाऊक होतं. पदराच्या टोकाला मारलेली गाठसुद्धा चित्रकारानं न विसरता काढली होती. त्याला घोंगड्यावर बसवेनासं झालं. जन्मभर जी खाज त्याच्या जिभेला सुटायची, ती त्याला आता सुटली नाही.

सारजाबाई उठली आणि फडकं पाण्यात बुडवून घेऊन आली. पाठीला काय लिहिलंय ते शरणप्पाअण्णांना वाचायचं आहे, तर पाणी लावून सोडवू, वाचा, आणि परत लावून टाकू, असं तिचं म्हणणं. ती वाचायला न शिकलेली बाई. पण कुणी एवढ्या लांब नुसतं एक पान वाचायला आला म्हणजे ते मोलाचं असणार, असं तिनं धरून चाललं होतं. तिनं फडकं त्याच्या हातात दिलं.

शरणप्पा भिंतीशी गेला. सुटलेला कोपरा त्यानं नखानं थोडा उचलला. आत ओळींची टोकं दिसली. एका ओळीच्या शेवटी 'ली', दुसरीच्या शेवटी 'ली', तिसरीच्या 'ला'. ओतली, प्याली, दिली, सांडली, सगळ्यांचं शेपूट एकच. अजून बोटभर उचललं असतं तर कळलं असतं. पण तो कागद त्याला ठाऊक होता. वर्षभर त्याच जातीचे कागद त्यानं मांडीवर सरळ केले होते. हळदीच्या ओलीनंसुद्धा त्यांचे तुकडे पडायचे. ओलं फडकं लागलं असतं तर अक्षरं भिंतीला राहिली असती आणि पोरीचं तोंड हातात आलं असतं. आणि फाटलं नसतं तरी काय? वाचून तो सारजाबाईला काय सांगणार होता?

"काडा की," सारजाबाई मागून म्हणाली. "मला बी कळंल. ही कोन हाय, कुटं चाललीय, कुनी सांगाया न्हाय मला. तुमी तर सगळी गोष्ट वाचलीया म्हनं."

शरणप्पानं कोपरा सोडला.

"काढायला नको," तो म्हणाला. "मला ठाऊक आहे. सून आहे ती. घरात सगळे तापानं पडलेत. ही दूध घेऊन माडीवर चाललीय, सासऱ्याला द्यायला."

"पितो का त्यो?"

"पितो. बरा होतो."

सारजाबाईनं मान हलवली. मग चित्राकडेच बघत तिनं विचारलं, "आन् ही?"

एवढ्या पुढचं काही त्यानं जुळवलं नव्हतं. चुकलेलं सांगणाऱ्या माणसांवर तो आयुष्यभर चिडला होता, आणि न वाचलेल्या शेवटाबद्दल तर त्यानं माणसं नरकात पाठवली होती. आता ही बाई त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तो काय म्हणतो त्यावर तिचं पुढचं सगळं येते गं आणि आले गं अवलंबून होतं. ती जगली म्हणावं तर बाईला पटणार नाही, मेली म्हणावं तर जीभ धजणार नाही.

"ही त्याच्या उशाशी बसते," शरणप्पा म्हणाला. "पेला रिकामा झाला का बघते, आणि हसते. तिथं गोष्ट संपते. पुढं लिहिलेलंच नाही."

"हसायचीच ती," सारजाबाई म्हणाली. "समदं पिलं का बगायची, आन् हसायची. कसं ल्हिलंय बगा मानसानं." आणि एवढा वेळ कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले. शरणप्पालाही भरून आलं, आणि तोंड लपवायला जागा नव्हती म्हणून त्यानं थोडी खळ मागितली. ती वाटीत कालवून आणेपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्यानं तो सुटलेला कोपरा स्वतःच्या हातानं चिकटवला. अंगठ्यानं दाबला, तळव्यानं दाबला, आणि वाळेपर्यंत धरून ठेवला, जसा काही तो उद्या पळून जाणार होता.

निघताना सारजाबाईनं ओव्याच्या डब्यात मूठभर शेंगा घालून डबा परत केला. वाटेत शरणप्पाला स्वतःचा राग यायला लागला. एवढं वर्षभर जिवाचं रान केलं, हातात कोपरा आला, आणि सोडून दिला. पुढं कितीतरी दिवस त्याला ती 'ली' आणि 'ला' आठवत राहणार होती, आणि तिप्पण्णाच्या पोत्यातून दुसरी प्रत काही निघणार नव्हती. चांगलं काम केलं की माणसाला हलकं वाटतं असं त्यानं कुठल्याशा पुडीवर वाचलं होतं. त्या लिहिणाऱ्याला कादंबरी वाचायची सवय नसावी.

घरी महानंदा दारातच होती. तिनं आधी पाणी दिलं, ताट मांडलं, भाकरी वाढली, वर चटणी घातली, आणि मग परातीपुढं पीठ न घेताच बसली.

"मिळालं?"

"मिळालं."

"मग? दिलं तिनं इष?"

शरणप्पानं तिच्याकडे पाहिलं. वर्षभर ही बाई त्या सुनेसाठी झोपेत कूस बदलत होती हे आज त्याला पहिल्यांदा दिसलं. तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं.

"विष नव्हतंच," तो म्हणाला. "दूध होतं. म्हातारा आजारी होता, ती दूध घेऊन गेली होती."

महानंदानं मोठा श्वास सोडला. पदरानं कपाळ पुसलं, पीठ ओढून घेतलं आणि थापायला सुरुवात केली. दोन थापा मारून ती थांबली.

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. "पर मग तुमी वरीसभर त्या पोरीच्या पदरात इष हाय, इष हाय, म्हनून का सांगत हुता?"

"पुढचं पान वाचलं नव्हतं," शरणप्पा म्हणाला, आणि खळ लागलेली बोटं आधी धुऊन यावीत म्हणून ताटावरून उठला.